योसेमिटी, पुरानंतर: स्टुडिओच्या नोंदी

१८ जानेवारी २०२३, बुधवार

सेमिस्टरचा पहिला तास. प्रोफेसरबाईंनी फळ्यावर फक्त तारीख लिहिली: १५ मार्च १९९७. आज ती तारीख आहे असं धरून चालायचं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाची दरी पुरानंतर अडीच महिने बंद होती आणि आत्ताच उघडली आहे. नुकसानीचा अंदाज १७ कोटी ८० लाख डॉलर. दरी पुन्हा उभी करायची, आणि जमलं तर आधीपेक्षा बरी करायची. आराखडा आम्ही चौघांनी मिळून द्यायचा, १२ मेला परीक्षकांपुढे. १९९७ नंतर काय झालं ते वाचायला मुभा आहे, पण आराखड्यात वापरायला नाही. ते शेवटी, आपलं आणि खरं झालेलं शेजारी ठेवताना.

इथे मर्सेड शहरात राहणाऱ्यांना या महिन्यात पुराची ओळख करून द्यायला नको. दहा तारखेला शेजारचं प्लनाडा गाव पूर्ण रिकामं करावं लागलं. चार हजार वस्तीचं गाव, बहुतेक सगळे शेतमजूर, आणि ओढ्याचं पाणी रात्रीतून घरात. आमच्या टीममधला एकजण तिथलाच. अजून चुलत्यांच्या घरातला चिखल काढतोय, आज तासाला रबरी बुटातच आला. मी त्याला मनातल्या मनात प्लनाडाकर म्हणते. नोंदीतही तेच चालवते.

१९९७ चा आकडा पाहून मला आधी हसू आलं होतं. दरीच्या खालच्या तोंडाशी, पोहोनो पुलापाशी, मर्सेड नदीचा सर्वोच्च विसर्ग २५ हजार क्युसेकच्या आसपास. कोल्हापूरच्या माणसाला क्युसेक शिकवावा लागत नाही. ऑगस्टमध्ये चहाच्या टपरीवरसुद्धा "राधानगरीचा चौथा दरवाजा उघडला, १४२८ सुटलं" हेच चाललेलं असतं. कोयनेतून २०१९ ला लाखावर सोडलं होतं, तिथे २५ हजार म्हणजे काय? मग हिशेब केला. राधानगरीचे सातही स्वयंचलित दरवाजे एकदम उघडले तर दहा हजार. त्याच्या अडीच पट पाणी, आणि ते अकरा किलोमीटर लांब आणि जेमतेम दीड किलोमीटर रुंद अशा दगडी परातीत. हसू गेलं.

२६ जानेवारी

वाचन. पूर आला कसा ते एका परिच्छेदात लिहायला बाईंनी सांगितलंय.

डिसेंबर १९९६ मध्ये सिएरा नेवाडा डोंगररांगेत भरपूर बर्फ पडलं. वर्षाच्या शेवटच्या दिवसांत हवाईकडून उबदार, ओलं वादळ आलं आणि एरवी जिथे बर्फच पडायचं त्या उंचीवरही पाऊस पडू लागला. पाऊस पडला तो पडलाच, शिवाय त्यानं साठलेलं बर्फही धुऊन खाली आणलं. १ ते ३ जानेवारीदरम्यान नदी दरीभर पसरली. पोहोनोला पूरपातळी १० फूट आहे, पाणी चढलं २३ फुटांवर. लॉजच्या केबिन, नदीकाठचे तंबूतळ, कर्मचाऱ्यांची घरं, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या, आणि खाली दरीबाहेर एल पोर्टल गावाला उतरणारा घाटरस्ता. रस्त्याचे लचके तोडले होते नदीनं.

परिच्छेदात एक वाक्य जास्तीचं घातलं आणि ते काढणार नाही. १९३७, १९५०, १९५५ या तिन्ही वेळी असाच पूर आला होता, तिन्ही वेळी हिवाळ्याच्या तोंडाला, उबदार पावसानं. म्हणजे १९९७ ला नदीनं काही नवीन केलं नाही. दर खेपेला तंबूतळ होते तिथेच पुन्हा मांडले गेले.

२ फेब्रुवारी

माझ्याकडे पूररेषा आल्या. आपल्याकडे पाटबंधारे खातं दोन रेषा आखतं, साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल. इथे शंभर वर्षांच्या रेषेवरच सगळा जोर. मी दोन्ही काढणार, कारण दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात काय बसवायचं हाच खरा प्रश्न आहे. निळ्याच्या आत कुणीच बांधू नये आणि लालच्या बाहेर कुणीही बांधावं, हे कळायला आराखडा लागत नाही.

९ फेब्रुवारी

आठवडा वाया घालवला. चूक माझीच.

हेक-रास या पुराचं गणित मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दरीचं मॉडेल उभं केलं, लायडारवरून (विमानातून लेसरनं मोजलेल्या जमिनीच्या उंचीवरून) छेद काढले, पाणी सोडलं. उत्तर असं आलं की पोस्ट ऑफिस, शाळा, दवाखाना, अहवानी हॉटेलाचा तळमजला, सगळं पाण्याखाली. फोटोत तर तसं काही नाही. दोन दिवस खडबडीतपणाचे (जमीन पाण्याला किती अडवते त्याचे) आकडे कमी-जास्त करत बसले. कुरणाचा वेगळा, देवदारांच्या रानाचा वेगळा. काही फरक नाही. शेवटी प्लनाडाकर मागून येऊन बघत उभा राहिला आणि म्हणाला, हे २३ फूट तू कुठे लावलेस?

सगळ्या दरीला लावले होते. पोहोनोचं माप दरीच्या अगदी खालच्या टोकाचं आहे. तिथे कडे जवळ येतात, पाणी चिंचोळं होतं आणि वर चढतं. वरच्या अंगाला, कुरणांपाशी, तेच पाणी आडवं पसरतं आणि उंची कमी राहते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची फूटपट्टी मी जणू पन्हाळ्यापर्यंत ताणली होती. आमच्या गावचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका, पण म्हणून शाहूपुरीत ४३ फूट पाणी नसतं. मला मात्र दोन वर्षं एमएस केल्यावर हे सुचेना.

दुरुस्त केलं. आता रेषा फोटोंशी बऱ्यापैकी जुळतात.

१६ फेब्रुवारी

नदीचा इतिहास चौघांत वाटून घेतला होता. माझ्या वाट्याला १८७९ आलं, आणि या प्रकल्पातली आत्तापर्यंतची सगळ्यात कामाची गोष्ट तिथेच सापडली.

एल कॅपिटनच्या पायथ्याशी हिमनदीनं आणून टाकलेला दगडगोट्यांचा नैसर्गिक बांध आहे. त्याच्यामागे पाणी तुंबून दरीतली कुरणं वसंतात दलदलीची व्हायची. डास, चिखल, घोडागाड्यांची पंचाईत. दरीचे रखवालदार गॅलन क्लार्क यांनी १८७९ मध्ये तो बांध सुरुंगानं फोडला. नदीचा तळ चार-पाच फूट खाली गेला, कुरणं सुकली, त्यांत देवदार घुसले. पाहुण्यांना कोरडी जमीन मिळाली आणि पुढच्या पिढ्यांनी त्या कोरड्या जमिनीवर तंबूतळ, केबिन, रस्ते मांडले. जमीन कोरडी होती, उंच नव्हती. मोठं पाणी आलं की ती पुन्हा नदीची.

त्यावर आणखी थर चढले. किनारा ढासळू नये म्हणून दगडी पिचिंग. पाहुण्यांच्या मोटारींसाठी १९२८ ते ३२ च्या सुमारास बांधलेले दगडी कमानींचे पूल. शुगर पाइन, स्टोनमन, दिसायला फार देखणे, आणि नदीच्या गळ्याला आवळलेले. कमानीतून पाणी मावेना की ते बाजूनं वाट काढतं आणि तिथला किनारा खातं, मग तिथे आणखी पिचिंग. पूल ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत आहेत, त्यामुळे ते काढा म्हणायचं तर एका वारशासाठी दुसरा मोडायचा. टीममध्ये यावर दोन-दोन मतं. मी शुगर पाइन काढायच्या बाजूची. लिहून ठेवते, पुढे मत बदललं तर कळावं.

२७ फेब्रुवारी

स्थळभेट रद्द. शनिवारपासून उद्यान बंद आहे, काही ठिकाणी पंधरा फूट बर्फ. यार्ट्‌स या सार्वजनिक बससेवेची तिकिटं वाया गेली नाहीत एवढंच.

८ मार्च

कायद्याचा भाग. हा मी टाळत होते, पण इथेच अडकायला झालं.

योसेमिटीकडे १९८० पासून एक चांगला सर्वसाधारण आराखडा होता. गर्दी कमी करा, कार्यालयं आणि कर्मचारी वसाहत दरीबाहेर न्या, खासगी मोटारी हळूहळू हद्दपार करा. सतरा वर्षं त्यातलं फार थोडं झालं. १९८७ मध्ये मर्सेड नदीला कायद्यानं 'वन्य आणि निसर्गरम्य नदी' हा दर्जा मिळाला. असा दर्जा मिळाला की तीन वर्षांत नदीसाठी स्वतंत्र आराखडा करावाच लागतो. तो केला नव्हता. पूर आला तेव्हा हातात पैसा होता, लोकांची सहानुभूती होती, अर्धं बांधकाम नदीनंच साफ करून दिलं होतं, आणि मूळ कागद नव्हता.

पुढे काय झालं ते आराखड्यात वापरायचं नाही, तरी इथे टिपून ठेवते. एल पोर्टलचा रस्ता तुकड्यातुकड्यांनी रुंद करायला घेतला. सिएरा क्लब ही पर्यावरणवादी संस्था कोर्टात गेली, न्यायाधीश अँथनी इशी यांनी १९९९ मध्ये शेवटच्या टप्प्याचं काम थांबवलं आणि आधी नदीचा आराखडा आणा म्हणाले. २००० मध्ये आराखडा आला, त्याच वर्षअखेर दरीचा मोठा आराखडाही आला. 'फ्रेंड्स ऑफ योसेमिटी व्हॅली' वगैरे स्थानिक मंडळी कोर्टात. २००३ मध्ये वरच्या कोर्टानं सांगितलं की नदीकाठी माणसं किती मावतात ते तुम्ही ठरवलेलंच नाही. २००५ मध्ये सुधारित आराखडा, २००६ मध्ये पुन्हा मनाई, २००८ मध्ये वरच्या कोर्टाचा पुन्हा तोच निकाल, २००९ मध्ये तडजोड. अंतिम आराखडा २०१४ मध्ये. पूर ओसरून सतरा वर्षं.

आपल्याकडे असं काही वाचलं की मी "बघा, तिकडे नागरिक कसे जागरूक" म्हणाले असते. पण कागदपत्रं वाचताना मला दोन्हीकडचा राग समजतो. उद्यान खात्याला भीती की पैसे परत जातील, म्हणून घाई. लोकांना भीती की पुराच्या नावाखाली हॉटेलं येतील. कोर्टानं विचारलेला प्रश्न मात्र शाळकरी होता, आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं: किती माणसं?

आमच्या आराखड्यातही नव्हतं. आज पानाच्या डोक्यावर लिहिलं: माणसं किती, आणि कोणती.

१८ मार्च

उद्यान आजपासून थोडं थोडं उघडतंय. आम्हाला एप्रिलमधली तारीख मिळाली.

२२ मार्च

गुढीपाडवा. श्रीखंड मिळालं नाही, ग्रीक योगर्टमध्ये साखर आणि वेलची घालून भागवलं.

रात्री आईनं मामाला फोनवर घेतलं. मामा चिखलीचा, पंचगंगेकाठचा. १९८९ च्या पुरानंतर चिखलीकरांना सोनतळीला प्लॉट मिळाले, मामाच्या वडिलांनाही. तरी २०१९ ला मामा घराच्या माडीवरच अडकला होता, बोटीनं काढला.

"काय गं, काय चाललंय तुझं?"

म्हटलं, मामा, पुरात गेलेली वस्ती उचलून दुसरीकडं न्यायचा प्लॅन करतेय.

"कुणाची?"

"वस्ती म्हणजे तंबू. लोक सुट्टीला येऊन राहतात ते."

"मग सोपं हाय की. त्यास्नी म्हसरं न्हाईत." थोडा थांबला. "आमास्नी प्लॉट दिला, पर गोठा किती फुटाचा लागतो ते कुणी इचारलं न्हाई. म्हसरं हितं, मानूस तितं, कसं जमायचं?"

गोठ्याचं वाक्य डोक्यातून जाईना.

२९ मार्च

आज टीममध्ये वाजलं.

नकाशावाल्यानं तक्ता केला होता: पुरात काय गेलं, आराखड्यात काय परत येणार. अपर रिव्हर आणि लोअर रिव्हर हे नदीकाठचे दोन तंबूतळ आणि त्यांच्याजवळचा सामूहिक तळ, तिन्ही निळ्या रेषेच्या आत. त्यानं तिन्हींपुढे हिरवा शिक्का मारला: 'कुरण म्हणून पुनर्संचयित'. पुराआधी दरीत आठशेवर तंबूंच्या जागा होत्या, नंतर पावणेपाचशेच्या आसपास राहिल्या. मला हिरवा शिक्का बरोबरच वाटत होता. नदीची जागा नदीला. गेले दोन महिने मी तेच बडबडतेय.

प्लनाडाकर तक्त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, माझे बाबा अपर रिव्हरला यायचे. पीक निघालं की दोन ट्रक भरून, भावंडं, पोरं, कुत्रं. त्याच्या घरात योसेमिटी म्हणजे तेच, नदीपासून वीस पावलांवर कोळशाची शेगडी. १९९७ नंतर जागा मिळणं इतकं अवघड झालं की ते येईनासेच झाले. "तुमच्या तक्त्यात अहवानी हॉटेलापुढे काय लिहिलंय?"

'सुरक्षित' लिहिलं होतं. १९२७ पासूनचं हॉटेल, लाल रेषेच्या बाहेर, बिनधोक.

गप्प झालो सगळे. दरीतली सगळ्यात स्वस्त झोप सगळ्यात खालच्या जमिनीवर होती. लॉजच्या केबिनचंही तेच, स्नानगृह नसलेल्या साध्या केबिन गेल्या आणि मोटेलवजा इमारती बहुतेक राहिल्या. नदीनं भेदभाव केला नव्हता, तो आधीच जमिनीवर मांडून ठेवला होता. आणि आम्ही आता त्यावर हिरवा शिक्का मारून त्याला पर्यावरण म्हणत होतो.

तंबूतळ परत तिथेच मांडा असं प्लनाडाकरचंही म्हणणं नाही. त्यानं चिखल काढलाय, त्याला पूर माहीत आहे. त्याचा मुद्दा साधा आहे. जागा गेल्या तर त्या कुठे जातात ते त्याच तक्त्यात, त्याच ओळीत दिसलं पाहिजे. तक्त्याला नवीन रकाना जोडला. नाव ठरेना, मी मराठीत 'गोठा' लिहिलं. सगळ्यांना अर्थ सांगितला. तेच नाव राहिलं.

४ एप्रिल

राज्याच्या काल झालेल्या मोजणीत बर्फातलं पाणी सरासरीच्या २३७ टक्के. सगळं वितळून खाली येणार. नकाशावाला खूश, मॉडेल तपासायला खरा पूर मिळेल म्हणून. असं बोलू नये.

१५ एप्रिल, शनिवार — स्थळभेट

पहाटे साडेपाचला निघालो, १४० नंबरच्या रस्त्यानं. प्लनाडावरून जाताना काही घरांपुढे ओल्या गाद्यांचे ढीग अजून तसेच. मारिपोसा ओलांडलं की रस्ता मर्सेड नदीला भिडतो आणि मग शेवटपर्यंत सोडत नाही. मध्ये एके ठिकाणी २००६ मध्ये सगळी दरड रस्त्यावर आली होती. ती काढली नाही, नदीपलीकडे वळसा घालणारे तात्पुरते पूल टाकले आणि सिग्नल लावून एकेरी वाहतूक. आंबेनळी घाटाची आठवण झाली, फक्त वडापावची गाडी नाही.

एल पोर्टलनंतरचा रस्ता पाहिला आणि ८ मार्चची नोंद निम्मी तरी अपुरी वाटली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ग्रॅनाइटच्या धोंड्यांतून फेसाळणारी नदी, आणि मध्ये जेमतेम दोन मोटारी. इथे रस्ता एक फूट रुंद करायचा म्हणजे एकतर डोंगर फोडायचा नाहीतर नदीत भराव टाकायचा. कागदावर 'रुंदीकरण' हा एक शब्द असतो.

दरीत पोचलो आणि अर्धा तास कुणी काही काम केलं नाही. धबधबे इतके भरलेले की बोलताना ओरडावं लागत होतं.

मग काम. रस्त्याकडेला १९९७ च्या पाण्याची पातळी दाखवणारी पाटी आहे. तिची रेघ माझ्या डोक्याच्या वर. मी पाठ टेकून उभी राहिले, प्लनाडाकरनं फोटो काढला. नदी पलीकडे, संथ, हिरवी, झाडांमागे. नकाशावर हे अंतर मी शंभर वेळा मोजलंय. पण तिथे उभं राहिल्यावर पटतच नव्हतं की ती शांत नदी इथपर्यंत येऊन माझ्यावरून जाईल. १९९६ च्या डिसेंबरात तंबू ठोकणाऱ्यालाही पटलं नसणार.

अपर रिव्हरची जागा. बर्फ अजून गुडघाभर, त्यामुळे जुने रस्ते, शेगड्यांच्या जागा काही दिसेना. झाडांमधली मोकळीक तेवढी कळत होती. प्लनाडाकरनं बाबांना व्हिडिओ कॉल लावायचा प्रयत्न केला, रेंज नव्हती.

दुपारनंतर करी व्हिलेजकडे, दरीतल्या तंबू-केबिनच्या वस्तीकडे. 'गोठा' रकान्यासाठी मी कागदावर दोन जागा हेरल्या होत्या, दोन्ही लाल रेषेच्या बाहेर, कड्याच्या पायथ्याशी. तिथे जाऊन वर बघितलं. ग्लेशियर पॉइंटची सरळसोट भिंत, आणि झाडांमध्ये घराएवढे धोंडे पडलेले. ते धोंडे मला लायडारवर 'उंचवटे' वाटले होते. जुलै १९९६ मध्ये, म्हणजे पुराच्या सहाच महिने आधी, शेजारच्या हॅपी आइल्सला कडा कोसळून एकाचा जीव गेला. पुढे २००८ मध्ये करी व्हिलेजमध्येच दरड पडली आणि कड्याखालच्या दोनशेवर केबिन कायमच्या बंद झाल्या.

म्हणजे पुढे नदी आणि मागे कडा. मधे जी पट्टी उरते तिच्यावर रस्ते, मोटारतळ, कार्यालयं, दुकानं. पाहुण्याला झोपायला सुरक्षित जमीन आहे, पण तिच्यावर मोटारी झोपल्या आहेत.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही, बहुतेक सगळे हेच मनात मोजत होते.

२० एप्रिल

मोजलं. दोन्ही पूररेषा आणि दरडीची रेषा वगळून पूर्व दरीत उरलेली सपाट जमीन, आणि तिचा सध्याचा वापर. आकडे इथे लिहीत नाही, आमच्या मॉडेलचे आहेत आणि अजून कच्चे आहेत. एवढं दिसतं की १९८० च्या आराखड्यातलं एक कंटाळवाणं वाक्य, कार्यालयं आणि वसाहत दरीबाहेर न्या, हेच सगळ्याचं मूळ आहे. गोदाम, गॅरेज, कार्यालय एल पोर्टलला गेलं तरच तंबूला जागा निघते. यात देखणं काही नाही. पोस्टरवर हे कसं दाखवायचं?

२२ एप्रिल

टीममधली गिर्यारोहक पोरगी आज प्रथमच तावातावानं बोलली. आमच्या मसुद्यात लॉजच्या नव्या खोल्या उंचावर, कॅम्प ४ च्या दिशेनं सरकवल्या होत्या. पूररेषेच्या दृष्टीनं अगदी योग्य. ती म्हणाली, १९९७ ला खात्यानं नेमकं हेच योजलं होतं आणि त्यावरूनच नामवंत गिर्यारोहक टॉम फ्रॉस्ट आणि इतर गिर्यारोहक कोर्टात गेले होते. कॅम्प ४ म्हणजे धूळ, दगड आणि रांगेतला सार्वजनिक संडास, पण अमेरिकेतल्या कडाचढाईचा बराचसा इतिहास तिथल्या शेकोटीभोवती घडला. २००३ मध्ये ती जागा ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेली.

आणि कॅम्प ४ च्या पश्चिमेला अहवानीची लोकांची, म्हणजे दरीतल्या मूळ रहिवाशांची, शेवटची वस्ती होती, ती १९६९ मध्ये खात्यानंच पाडली. हे आम्ही 'रिकामी जागा' म्हणून रंगवलं होतं. नकाशावाल्यानं न बोलता रंग काढून टाकला.

पूररेषेनं फक्त कुठे बांधू नये ते कळतं. बाहेर पडलं की तिथे आधीच कुणीतरी असतं.

२८ एप्रिल, शुक्रवार

आज रात्री दहापासून दरीचा पूर्व भाग बंद, किमान ३ मेपर्यंत. उन्हानं बर्फ वितळून पोहोनोला दहा फूट ओलांडेल असा अंदाज. बंदी रात्रीपासून का, असं आईनं विचारलं. दिवसभर वर वितळलेलं पाणी दरीत पोचेपर्यंत रात्र होते, म्हणून.

आमच्या मॉडेलवर तेवढं पाणी सोडून बघितलं. सगळ्यात आधी काय भिजतं? नदीकाठचे उरलेले तंबूतळ आणि हाउसकीपिंग कॅम्प. तक्त्यात ज्यापुढे 'सुरक्षित' लिहिलंय ते तसंच कोरडं.

५ मे

आराखडा ठरला, मोठी भांडणं न होता. दमलोय म्हणून असेल.

निळ्या रेषेच्या आत निवासी काही नाही, अपर आणि लोअर रिव्हर कुरणाला. दोन रेषांच्या मधे फक्त चालत जायचे तंबू, मे ते सप्टेंबर. उबदार पावसाचे पूर नोव्हेंबर ते जानेवारीत आलेत, तेव्हा तिथे कुणी नसेल आणि वाहून जायला शेगडीपलीकडे काही नसेल. गेलेल्या प्रत्येक तंबूजागेमागे एक जागा, आणि ती मिळेपर्यंत एकही नवी हॉटेलखोली नाही. ही अट प्लनाडाकरची, शब्द माझे. लॉज आहे त्या जागी, लहान. कॅम्प ४ ला हात नाही. घाटरस्ता खचला तिथे संरक्षक भिंत आणि मोठ्या मोऱ्या, रुंदी तीच. रुंद रस्त्यानं मोटारीच वाढतात, त्याऐवजी मर्सेड आणि मारिपोसाहून बस. (यार्ट्‌स २००० मध्ये सुरू झाली, म्हणजे इथे आम्ही थोडी चोरी केलीय.) सांडपाण्याची वाहिनी नदीपात्रापासून दूर. शुगर पाइन पूल काढायचा. मत बदललं नाही.

आणि नदीचा आराखडा सगळ्यात आधी, रस्त्याची पहिली निविदा काढायच्या आधी. पैसे परत जातील असं परीक्षक म्हणतील. म्हणू देत.

१० मे

शेजारी ठेवायचा तक्ता झाला. २०१४ चा खरा आराखडा: पूर्व दरीत दिवसाला सुमारे २०,१०० माणसांची मर्यादा, १८९ एकर कुरण आणि नदीकाठ पुन्हा नैसर्गिक करायचा, आणि तंबूंच्या जागा वाढवून ६४० पर्यंत. वाढवून, हे मला वाचताना दोनदा तपासावं लागलं. अपर रिव्हरलासुद्धा नदीपासून मागे सरकून चालत जायच्या थोड्या जागा. आम्ही साडेतीन महिन्यांत फार वेगळं काही शोधलं नाही, हे थोडं खट्टू करणारं आणि थोडं बरं वाटणारं. ६४० म्हणजे पुराआधीच्या आठशेपेक्षा कमीच, तेवढी ओळ मी ठळक केली.

१२ मे

सादरीकरण झालं. परीक्षक तिघे. एकानं निम्मा वेळ पुलावरच घालवला. दुसरीनं पैसे परत जातील हे विचारलंच, आणि माझं उत्तर फारसं चांगलं नव्हतं. मी म्हणाले, घाईनं खर्च केलेल्या पैशांवर आठ-दहा वर्षं कोर्टात गेली. ती म्हणाली, पण रस्ता तर झाला. बरोबर आहे, बराचसा झाला. 'गोठा' रकान्याचं नाव त्यांनी बदलायला सांगितलं, रकाना ठेवायला सांगितला.

प्लनाडाकरचे बाबा आले होते, कामावरून थेट, टोपी हातात धरून मागच्या रांगेत बसले होते. सगळे पांगल्यावर पोस्टरजवळ आले. मुलगा त्यांना स्पॅनिशमध्ये सांगत होता, हा अपर रिव्हर, इथे आता कुरण. त्यांनी खिशातून चष्मा काढला, नकाशावर नदीचं वळण बोटानं धरून चालत गेले आणि एका ठिकाणी थांबले. मग माझ्याकडे हात केला. पेन दिलं. त्यांनी छोटी फुली मारली, जरा विचार केला, ती खोडून बोटभर अलीकडे दुसरी मारली.

फायनल प्रिंट होता, भिंतीवर महिनाभर लावायचा. मी बाईंकडे बघितलं, त्या वायरी गुंडाळत होत्या. म्हटलं, दुसरा काढता येईल. पोस्टर गुंडाळून त्यांना दिला. बांधायला काही मिळेना, केसांचं रबर लावून दिलं.